लोकर विकायची तयारी, आणि ती युरियाची गोणी

गेल्या खेपेला पाच वाड्यांची, म्हणजे मेंढपाळांच्या पाच तळांची, मिळून 112 किलो लोकर मी टेम्पोत घालून पुण्याला नेली आणि 9 किलो विकून परत आले. उरलेल्या 103 किलोंनी जाताना भाडं खाल्लं, येतानाही खाल्लं. आबा काही बोलले नाहीत. आत्या बोलल्या, आणि त्यांचं बरोबर होतं. आता थंडी सरत आली, मेंढरं भादरायला, म्हणजे लोकर कातरायला झाली, म्हणून यंदाची तयारी आधीच वहीत उतरवून ठेवली. शेजारच्या वाड्यांवरच्या दोघी-तिघींनी ती मागितली, म्हणून जरा नीट करून लिहिते.

सुरुवात गोणीपासून. कातरीपासून नाही, गिऱ्हाइकापासून नाही, गोणीपासून. लोकर कशात भरणार हे भादरायच्या निदान आठ दिवस आधी ठरवा आणि ते कापड आणून ठेवा. आपलं कसं होतं, मेंढरं दुसऱ्याच्या रानात बसवलेली असतात. शेतकऱ्याला लेंडीखत हवं, आपल्याला चार दिवस जागा. तिथंच भादरायचं, आणि हाताशी काय, तर त्याच्या खोपटातल्या युरियाच्या रिकाम्या गोण्या. फुकटच्या, हलक्या, वर दोन शिंतोडे आले तरी चालतं. मीही त्याच भरल्या. पायानं दाबून दाबून भरली तरी एकीत बारा-तेरा किलोच बसते, म्हणजे आठ गोण्या झाल्या. आठही गोण्या मी स्वतः मागून आणल्या होत्या, हे सांगायला लाज वाटते.

त्या गोणीचं तोंड विळ्यानं कापलेलं असतं. कापल्या कडेनं प्लॅस्टिकच्या पांढऱ्या पट्ट्या सुटत राहतात, आणि गोणी महिनाभर उन्हात पडलेली असेल तर हात लावला तरी भुगा होतो. पुण्यातल्या ज्या बाईंकडं माल नेला त्या लोकरीची आसनं आणि गालिचे करवून घेतात. त्यांनी पहिली गोणी फरशीवर ओतली, मूठभर काळी लोकर खिडकीच्या उजेडात धरली, दोन बोटांनी उकलली आणि एक पांढरा धागा काढून माझ्या तळहातावर ठेवला. मग दुसरा. तिसरा मीच काढला, आणि मग हात मागं घेतला. त्या म्हणाल्या, "लेंडी असली तरी चालेल मला, कुसळंही चालतील, धुऊन-पिंजून बरंचसं जातं. हे जात नाही." पिंजायच्या यंत्रात हा धागा गेला की त्याचे केसासारखे तंतू होतात आणि सगळ्या लोकरीत पसरतात. लोकर रंग धरते, हा धरत नाही. काळ्या लोकरीत निदान डोळ्यांना दिसतो, पांढऱ्यात दिसतच नाही आणि रंगवल्यावर उघडा पडतो. मग चिमट्यानं वेचत बसायचं, त्याची मजुरी लोकरीच्या किमतीच्या वर.

आणि विकली गेली ती 9 किलो कुठली? जावळ, म्हणजे कोकराची पहिली लोकर. ती आत्यांनी आपल्या जुन्या सुती लुगड्यात गाठोडं बांधून दिली होती. गाडीत चढताना मीच म्हटलं होतं, हे गबाळं कशाला.

तेव्हा जुनी लुगडी, धोतरं, सुती चादरी, काय असेल ते धुऊन, वाळवून ठेवा. नसेल तर मांजरपाट आणून पिशव्या शिवून घ्या. तागाचं पोतंसुद्धा बरं नाही, त्याचे धागे सुटून लोकरीत गुंततात. अगदी नाइलाज झाला तर उलटं करून झटकायचं आणि आतून कापड लावायचं. युरियाची गोणी आतून कापड लावूनही नको. नको म्हणजे नको.

आता मेंढरांचं. भादरायच्या दोन-तीन दिवस आधी ऊन बघून ओढ्यावर किंवा तळ्यावर धुऊन घ्यायची हे कुणाला सांगायला नको. सांगायचं ते पुढचं. धुतल्यावर परत धुळीच्या जागेत कोंडली तर धुणं फुकट गेलं, आणि ओली असताना भादरली तर लोकर आतून तापते, वास धरते, पिवळी पडते. मूठ आवळून सोडा. लोकर सुटी होऊन फुगली तर कोरडी, गोळा होऊन बसली तर अजून एक दिवस थांबा. अंगावरच्या खुणांचंही तेच. गेरू, काव निघून जाते. ऑइलपेंट आणि डांबर निघत नाही, तेवढा पुंजका कापून टाकावाच लागतो. आपल्याकडं अर्ध्या वाड्याच्या पाठीवर निळा पट्टा असतो, तो मालकांनी कानावर किंवा शिंगावर न्यावा. गोखरू आणि कुसळी गवत असलेल्या रानातून भादरायच्या आठवड्यात मेंढरं नेऊ नका, जमलं तर. जमत नाही हे मलाही माहीत आहे, चारा असेल तिकडंच जावं लागतं.

भादरायच्या दिवशी खाली काय अंथरता ते बघा. ताडपत्री नको! ती विणलेल्या प्लॅस्टिकचीच असते, कडा झिजल्या की गोणीचीच गत. सारवून वाळलेली जमीन चांगली, सुती जाजम त्याहून चांगलं. पाय बांधायला सुतळी किंवा नायलॉनची दोरी नको, सुताची किंवा लोकरीचीच घ्या. आधी पांढरी मेंढरं भादरायची, मग करडी, काळी शेवटी, आणि मधे खालचं झाडून घ्यायचं. पांढऱ्यात काळे केस गेले की ती रंगवायच्या कामाची राहत नाही. कातर एकदा उंचावरून गेली तर तिथं परत फिरवून सारखं करायचा मोह आवरा. मेंढी देखणी दिसते, पण ते बारीक तुकडे सुतात टिकत नाहीत, गळतात. भादरणारे हुशार असतात, पण घाईत असतात. जेवण आधी घातलं की घाई कमी होते, हा माझा अनुभव.

मग निवड. हे काम बायकांचंच होतं आणि त्याचा दाम कुणी धरत नाही, तो धरा. जावळ, कुणी तिला बाळलोकर म्हणतं, ती पूर्ण वेगळी. मऊ असते, अंगावर घ्यायची घोंगडी तिचीच हवी असते, दर सगळ्यात वर. पाच वाड्यांची लोकर एकत्र करताना एकानं जरी जावळीत मोठ्या मेंढीची मिसळली तरी सगळ्या जावळीचा दर पडतो, म्हणून प्रत्येक वाड्याचं गाठोडं वेगळं आणि वर चिठ्ठी. पोटाची, पायाची, शेपटाकडची मळकी लोकर बाजूला. ती फेकायची नाही, झाडाच्या बुडाशी घाला. लोकरीत नत्र भरपूर असतं, हळूहळू कुजते आणि ओल धरते. आमच्या लिंबोणीला दोन वर्षं घालतेय. काळ्या लोकरीची टोकं उन्हानं तांबूस झालेली असतात, ते गिऱ्हाइकाला आधीच सांगा. "काळीभोर" म्हणून विकाल आणि धुतल्यावर ती तपकिरी निघाली तर पुढच्या वर्षी फोन उचलत नाहीत.

भरताना कशात? बघा, विसरलात. लुगड्यात. गाठोडं सुताच्या दोरीनं बांधायचं. वर बांधायलाही युरियाच्या गोणीची फाडलेली पट्टी घ्यायची नाही. ही माझी दुसरी चूक, ती मी वर सांगितली नव्हती.

ठेवायला कोरडी, उंच जागा, खाली फळी. कसर लागते, म्हणून अधूनमधून ऊन दाखवा, कडुलिंबाचा वाळलेला पाला कापडाच्या बाहेर ठेवा, आत नको, चुरा होतो. डांबरगोळ्यांचा वास लोकरीतून जात नाही.

गिऱ्हाईक शोधण्याआधी आपला माल काय आहे ते समजून घ्या. दखनी मेंढीची लोकर भरड, केसाळ, वर्षातून दोनदा भादरून मेंढीमागं अर्धा-पाऊण किलो. लोकरीच्या केसाची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. परदेशी मेरिनो मेंढीची मऊ लोकर साधारण 24 मायक्रॉनच्या आत, बिकानेरकडची गालिच्याची 30 ते 40, आपली बऱ्याचदा त्याहून जाड. म्हणजे स्वेटर, शाल विसरा. घोंगडी, जेन (लोकरीचं जाड अंथरूण), आसन, गालिचा, नमदा (न विणता दाबून केलेलं जाजम), उशा-गाद्यांत भरायला, हे आपलं गिऱ्हाईक. कुणी "मऊ आहे का?" एवढंच विचारत असेल तर त्याच्यामागं लागू नका, दोघांचाही वेळ जातो. घाऊक व्यापारी जो दर देतो त्यात भादरायची मजुरी निघत नाही, हे घरोघरी माहीत आहे. म्हणूनच लोक माडग्याळ जातीच्या मेंढीकडं वळले. वजनाला भारी, अंगावर लोकर नावाला. त्यांना नावं ठेवायची नाहीत, मटणाचे पैसे रोख मिळतात.

नमुना द्यायचा तर प्रत्येक प्रतीचा पावशेर, कागदी पाकिटात, वर तारीख, गाव, रंग, जावळ की मोठी. आणि घरी एक किलो लोकर रिठ्याच्या पाण्यात धुऊन, वाळवून परत वजन करा. घट किती ते कळलं की भाव बोलता येतो. गिऱ्हाईक धुतलेल्या लोकरीचा भाव सांगत असतं आणि आपण कच्चीचा समजून खूश होतो. लोकर किती जाड, लांबी किती, याचा कागद हवा असेल तर ठाण्यात वूल रिसर्च असोसिएशन आहे, तिथं चाचणी होते. राजस्थानात अविकानगरला केंद्र सरकारची मेंढी व लोकर संशोधन संस्था 1962 पासून आहे, आणि जोधपूरला केंद्रीय लोकर विकास मंडळ 1987 पासून. मंडळाच्या योजना वैयक्तिक धनगरापेक्षा संस्था, गट, महामंडळ यांच्यामार्फत येतात, म्हणून आधी गट करा, मग अर्ज. आपल्याकडं पुण्याचं पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळ. त्यांची प्रक्षेत्रं, म्हणजे मेंढ्या पाळायची केंद्रं, रांजणी, महूद, दहिवडी अशी आपल्या पट्ट्यातच आहेत. तिथं जाऊन लोकरीबद्दल विचारा, मेंढ्यांबद्दल नाही, नाहीतर महामेष योजनेचा 20 मेंढ्या आणि 1 नराचा कागद हातात देतात. योजना चांगली आहे, पण ती मेंढरांची, लोकरीची नव्हे. फलटणच्या निंबकर शेती संशोधन संस्थेचंही तसंच. दखनीपासून जुळी कोकरं देणारी नारी सुवर्णा ही मेंढी त्यांनी तयार केली, मोठं काम आहे, पण लोकर विकायची म्हणून तिकडं जाऊ नका. ठिकठिकाणच्या देशी लोकरीवर काम करणारं "देसी ऊन" (हिंदीत ऊन म्हणजे लोकर) नावाचं जाळं आहे, त्यांच्याशी संबंध ठेवणारे कारागीर गाठा, ते भरड लोकरीला नाक मुरडत नाहीत.

आणखी एक वाट घोंगडीची. कच्ची विकण्यापेक्षा सूत काता, सनगर विणकराकडून विणून घ्या, मग विका. पण सगळ्याचे दिवस मोजा: पिंजायचे, कातायचे, चिंचोक्याची खळ लावायची, मागाचे. आत्यांच्या कातण्याचे दिवस शून्य धरून मी भाव काढला होता, म्हणून तो स्वस्त निघाला होता. विकताना सांगा की नवी घोंगडी टोचते, खळ असते, एक-दोनदा गार पाण्यात धुऊन सावलीत वाळवली की अंग धरते. हे न सांगता विकली की परत येते. जत्रांत विकायची तर पट्टणकोडोलीची विठ्ठल-बिरदेवाची जत्रा सोडू नका. भंडाऱ्याबरोबर लोकर उधळली जाते तिथं, घोंगडी म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. शहरातल्या प्रदर्शनात समजावण्यातच दिवस जातो, विक्री संध्याकाळी सातनंतर.

राहिलेलं भराभर सांगते, दिवा घालवायचा आहे. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंद) फुकट होते, कुणाला पैसे देऊ नका. कच्च्या लोकरीवर जीएसटी नाही. सूत, घोंगडीचं हिशेबनिसाला विचारा. फोटो सकाळच्या उन्हात, फिल्टर न लावता. ताणकाटा आपला न्या, रिकाम्या कापडाचं वजन वजा करा. अर्धे पैसे आधी. "मार्चनंतर बघू" म्हणणाऱ्याकडं माल ठेवून येऊ नका, ते भिजत घोंगडं वर्षभर भिजतं. कुठल्या वाड्याची किती लोकर, हे सगळ्यांसमोर लिहून सह्या-अंगठे.

गाडी भरताना स्वतः उभं राहा. दोन गाठोडी सैल होतील, थोडी लोकर खाली सांडेल, आणि गाडीवाला भला माणूस असेल तर म्हणेल, "ताई, माझ्याकडं दोन रिकाम्या गोण्या आहेत, त्यात घालू का?" नको म्हणा. डोक्याचा रुमाल सोडून त्यात बांधा.