चढावर तापलेला ब्रेक

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गाडीचे पुढचे ब्रेक पॅड मी घरी, अंगणातच बदलले. चौथ्या दिवशी आईला घेऊन साताऱ्याहून कासला निघाले. यवतेश्वरचा घाट चढताना गाडी दुसऱ्या गिअरमध्येही ओढत नव्हती आणि वर पोचेपर्यंत जळका वास आत आला. उतारावर असा वास आला असता तर मी तो ब्रेकच्या वापरावर ढकलला असता. पण चढताना मी ब्रेकवर पाय जवळजवळ ठेवलाच नव्हता. म्हणजे तो आपोआपच धरून बसला होता.

असा वास आला की गाडी बाजूला घ्या आणि निवू द्या. तापलेल्या डिस्कवर (चाकासोबत फिरणारी तबकडी, पॅड हिलाच आवळतात) पाणी ओतू नका, ती वाकते किंवा तडकते. रिमला हात लावू नका. थोड्या अंतरावर तळहात धरून चारही चाकांची धग बघा. पेडल मऊ लागत असेल किंवा खाली जात असेल तर गाडी अजिबात चालवू नका, टोइंग बोलवा. तापून ब्रेक ऑइल उकळलं की त्यात वाफ धरते आणि मग पेडल दाबून काही होत नाही. नवं डॉट ३ प्रतीचं ब्रेक ऑइल सुमारे २०५ अंशांना उकळतं, पण हवेतला ओलावा शोषलेलं तेच ऑइल १४० च्या आसपास.

नेमकं चाक शोधायला सपाट रस्ता लागतो. दहा-पंधरा मिनिटं शक्यतो ब्रेक न लावता चालवा आणि शेवटी गाडी तिच्या वेगाने थांबू द्या. मी शेजारच्या वर्कशॉपमधून तापमान मोजायची गन आणली होती. उजवीकडे ४८, डावीकडे १६० अंश. चकचकीत धातूवर ही गन कमी आकडा दाखवते, म्हणून दोन्ही बाजूंना अगदी त्याच जागी मोजा आणि आकड्यापेक्षा फरकाकडे बघा.

आता मुख्य परीक्षा. ही केल्याशिवाय एकही नवा पार्ट विकत घेऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मागच्या चाकांना दगड लावा, गाडी जॅकवर घेऊन घोडीवर (गाडीखालचा लोखंडी स्टँड) टेकवा, गिअर न्यूट्रल करा. पॅड डिस्कला किंचित घासल्याचा आवाज चालतो, पण चाक हाताने फिरायला हवं. फिरत नसेल तर डोळे झाकणारा सुरक्षा चष्मा घालून कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) निपलला, म्हणजे ऑइल बाहेर काढायच्या छोट्या तोटीला, पारदर्शक नळी लावा, नळीचं दुसरं टोक बाटलीत सोडा आणि निपल अर्धा फेरा सैल करा. ऑइलची चिळकांडी आली आणि चाक मोकळं झालं, तर दाब आत अडकलेला आहे. चाक तसंच घट्ट राहिलं, तर धातू कुठेतरी अडकलाय. निपल लगेच बंद करा, ऑइलची पातळी बघा. रंगावर सांडलेलं ऑइल ताबडतोब पाण्याने धुवा, ते रंग खातं.

दाब एकाच चाकात अडकत असेल तर कॅलिपरला ऑइल पोचवणाऱ्या रबरी होजवर (नळीवर) संशय घ्या. जुना होज आतून फुगतो, ऑइल जाऊ देतो पण परत येऊ देत नाही. दोन किंवा जास्त चाकं एकत्र धरत असतील तर मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइलवर दाब आणणारा भाग) आणि पेडलचा दांडा बघावा लागतो. तिथे मी स्वतः हात घालत नाही, जाणत्या मेकॅनिककडे जाते.

माझं चाक निपल उघडूनही घट्टच राहिलं. डिस्क ब्रेकला पॅड मागे ओढणारी जोरदार स्प्रिंग नसते. कॅलिपरमध्ये पॅडला ढकलणाऱ्या पिस्टनभोवतीची रबरी सील पाय काढल्यावर त्याला केसभर मागे घेते, बस्स. एवढ्याशा मोकळीकीत पिन किंवा पॅड जरासा जरी चिकटला तरी तो डिस्कवर घासत राहतो. कॅलिपर काढला, तारेने बांधून ठेवला (होजवर लोंबकळू देऊ नये) आणि ज्यांवर कॅलिपर सरकतो त्या दोन गाइड पिन हाताने ओढून बघितल्या. खालची लोण्यासारखी सरकली, वरची हलेना.

चूक माझीच होती. एका पिनच्या टोकाला रबरी बुश (छोटं वेटोळं) असतो आणि तिची जागा ठरलेली असते. मी दोन्ही पिनांची अदलाबदल केली होती. शिवाय घरातलं साधं ग्रीस लावलं होतं. त्या ग्रीसने रबर फुगलं आणि पिन भोकात रुतली. तेव्हापासून एक पिन काढून पुसून परत बसवल्याशिवाय मी दुसरीला हात लावत नाही. ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस पातळ थरात पुरतं. पुसायला ब्रेक क्लीनर, पेट्रोल-डिझेल नाही.

पिन मोकळ्या असतील तर पॅडचे कान (दोन्ही टोकं) ते ज्यात बसतात त्या ब्रॅकेटमध्ये बघा. क्लिपखाली गंज साचला की नवा पॅड ठोकून बसवावा लागतो आणि ठोकलेला पॅड परत सरकत नाही. क्लिप काढून गंज तारेच्या ब्रशने खरवडा. मग जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पने हळूहळू दाबा. पिस्टन अडखळला, किंवा त्याच्यावरचं धूळ अडवणारं रबर फाटून आत गंज दिसला, तर कॅलिपरचं काम करून घ्या.

मागच्या चाकांना डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असतील आणि त्यातले लायनर (पॅडसारखेच झिजणारे तुकडे) बदलल्यावर तिथे धग येत असेल, तर आधी हँडब्रेकची केबल सैल करून बघा. बहुतेकदा ती जुन्या, झिजलेल्या लायनरच्या मापाने ताणलेली असते.

नवी पिन, नवा बुश, नवं रबर बसवून पुढच्या रविवारी तोच घाट पुन्हा चढले. वर उतरून मोजलं: डावीकडे ५२, उजवीकडे ५०. आईने काचेतून विचारलं, "झालं का गं?" मी मान हलवली आणि आम्ही कासकडे निघालो.