टाइल्स डेटाबेसात कोंबू नका, नुसती चौकट ठेवा

मुळा-मुठेच्या काठाचे ड्रोन फोटो, हजारो जिओटिफ टाइल्स (म्हणजे नकाशावरची जागा सोबत नोंदलेले फोटोचे तुकडे), आणि साहेब विचारतात संगम पुलाजवळची कुठली ते दे. आधी मी अख्खे रास्टरच, म्हणजे फोटोच, पोस्टजीआयएसमध्ये (पोस्टग्रेस डेटाबेसाला नकाशे सांभाळायला शिकवणारी जोड) भरले होते, डेटाबेस असला फुगला की बॅकअप रात्रभर चालायचा. तसं करायची गरजच नसते हो. फाइली डिस्कवरच राहू द्या, टेबलात दोनच कॉलम पुरतात, फाइलचा पाथ आणि टाइलच्या हद्दीचा पॉलिगॉन. जीडॅलमध्ये, म्हणजे नकाशाच्या फाइली हाताळायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये, टाइल इंडेक्स बनवायचं टूल आयतंच आहे, ते सगळ्या फाइलींच्या चौकटी काढून देतं, फक्त पाथ पूर्ण लिहायचा ऑप्शन द्या नाहीतर दुसऱ्या फोल्डरमधून काम केलं की फाइल सापडत नाही, बोंबला.

मग जॉमेट्री कॉलमवर, म्हणजे त्या पॉलिगॉनच्या कॉलमवर, जिस्ट इंडेक्स (जागेवरून पटकन शोधायची सूची) टाका आणि अ‍ॅनालाइझ चालवा, म्हणजे डेटाबेसाला टेबलाचा अंदाज येतो. शोधताना एसटी इंटरसेक्ट्स हे दोन आकार एकमेकांना भिडतात का ते सांगणारं फंक्शन वापरा, ते आधी इंडेक्समधले चौकोन बघतं आणि जुळतील तेवढ्याच टाइल्स नीट तपासतं.

आता मी जिथे अर्धा दिवस घालवला ते सांगतो. पुणे यूटीएम (मीटरमध्ये मोजायची नकाशा पद्धत) झोन ४३ मध्ये येतं, म्हणून टाइल्स ३२६४३ या कोड नंबरच्या पद्धतीत होत्या, मोबाइलवरून आलेला पॉइंट ४३२६ मध्ये, म्हणजे साध्या अक्षांश-रेखांशात. मी शहाण्यासारखा क्वेरीत टेबलातला कॉलमच ट्रान्सफॉर्म केला, म्हणजे दुसऱ्या पद्धतीत बदलला, झालं, इंडेक्स बाजूला आणि क्वेरी एकेक ओळ चाळत बसली. उलटं करायचं, तो एक पॉइंट ३२६४३ मध्ये बदलायचा, कॉलमला हात नाही लावायचा. क्वेरी कशी चालणार ते दाखवणारं एक्सप्लेन चालवून बघा, सीक्वेन्शियल स्कॅन (एकेक ओळ चाळणं) दिसला तर बहुतेक हीच भानगड, अर्थात टेबल अगदीच चिमुकलं असेल तर तो दिसणारच.