कुत्र्याचा वाटा फोडणीच्या आधी काढा

आमच्या वावरातल्या मारोतीपाशी रोडग्यांचा स्वयंपाक असला, की पंगत उठायच्या आधीच वाघ्या पत्रावळींच्या ढिगापाशी जाऊन बसायचा. दोन वर्षांमागे उरलेली वांग्याची भाजी आम्ही त्याला तीन दिवस रोडग्यात कुस्करून घातली. चौथ्या दिवशी गोठ्याच्या भिंतीशी त्यानं लघवी केली, ती कोऱ्या चहाच्या रंगाची. ओठ उचलून पाहिला तर हिरड्या पांढऱ्याफटक. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "भाजीत कांदा किती होता?" वाघ्या वाचला, पण पहिल्यासारखा धावायला त्याला महिना लागला.

म्हणून पहिली पायरी स्वयंपाकघरातली. वरण शिजलं की तिखट, मीठ, चिंच आणि फोडणी पडायच्या आधी दोन पळ्या वरण वेगळ्या भांड्यात काढायचं. भात आणि ज्वारीची भाकर आहेच. आपल्या जेवणातलं धान्य कुत्र्याला बाधत नाही, बाधतं ते वरून घातलेलं. घरात जी बाई फोडणी देते तिला हे एकदा नीट सांगा. बाकी कोणी लक्षात ठेवून उपयोग नाही.

कांदा-लसणाबद्दल गावात हमखास ऐकू येतं, "आमचं कुत्रं त कांदा-भाकर खाऊनच मोठं झालं, त्याले का होते?" कांद्यातले गंधकाचे घटक कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. एखादा तुकडा गेला तर शरीर नव्या पेशी करून भरून काढतं, त्यामुळे वरून काही दिसत नाही. पण वजनाच्या दर किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांदा पोटात गेला, तर रक्तात बिघाड दिसू लागतो. म्हणजे 15 किलोच्या गावठी कुत्र्याला दोन-तीन मध्यम कांदे पुरेत. रोज थोडा थोडा गेला तरी तो साचत जातो. शिजवून, तळून, वाळवून हा गुण जात नाही, आणि लसूण तर कांद्याहूनही जहाल. झुणका, ठेचा, सावजी रस्सा यातलं काहीच त्याच्या ताटलीत नको.

दुसरी पायरी हाडांची. पोळ्याच्या करीला घरोघरी मटण शिजतं आणि सगळी हाडं अंगणात पडतात. शिजलेलं हाड ठिसूळ होऊन सुईसारखं फुटतं, ते घशात रुततं नाहीतर आतडं फाडतं. कोंबडीचं तर मुळीच देऊ नका. मांस द्यायचं असेल तर मसाल्याआधी बाजूला काढून, बिनमिठाचं उकडून, हाड वेगळं करून द्या. आंब्याची कोय आणि दाणे खाऊन उरलेलं मक्याचं कणीस आतड्यात अडकतं, तेही उघड्यावर टाकू नका.

मनुका, बेदाणे आणि द्राक्षं यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्यावर, हे आधी सांगता येत नाही. एकाला मूठभर पचतात, दुसरा थोड्याशा बेदाण्यांनी जातो. पूजेचा शिरा, दिवाळीचा चिवडा यात ते असतातच. संशय त्यातल्या टार्टारिक आम्लावर आहे आणि हेच आम्ल चिंचेत भरपूर असतं. म्हणून दारात चिंचेचं झाड असेल तर पडलेल्या चिंचा झाडून घ्या.

आता अंगण पाहा. खर्रा खाऊन फेकलेली पन्नी कुत्रं चाटतं, कधी चावून गिळतं. त्यात तंबाखू आणि चुना दोन्ही. लाळ गळणं, ओकाऱ्या, अंग थरथरणं ही निकोटीनची लक्षणं. ही पन्नी आपल्याकडे पारावर, बसथांब्यावर, शाळेच्या फाटकाशी सगळीकडे दिसते. निदान आपल्या घरची तरी डब्यात जाऊ द्या. मोहाचा सडवा आणि आंबवलेलं कच्चं पीठही तितकंच वाईट, दोन्हीत दारू तयार होते. चॉकलेट नको, गडद असेल तर अजिबात नको. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर अर्ध्या तासात रक्तातली साखर कोसळू शकते.

मग द्यायचं काय? ताकात भिजवलेली भाकर, उकडलेलं अंडं, बिनमिठाचं वरण-भात, उकडलेलं कोहळं, रताळं, गाजर. मोठ्या कुत्र्याला दुधानं बहुतेक वेळा हगवण लागते, ताक बरं. उन्हाळ्यात बिया काढलेलं टरबूज द्या, आमचा वाघ्या त्यासाठी पोरांच्या आधी हजर असतो. संत्र्याच्या दोन-तीन फोडी साल-बिया काढून चालतात. नुसत्या भाकरीवर मात्र कुत्रं ठेवू नका. अंडं किंवा मांस आठवड्यातून दोन-चारदा तरी पोटात जावं. नवीन पदार्थ एका वेळी एकच, तोही थोडा.

चुकून काही खाल्लंच तर मिठाचं पाणी पाजून ओकारी काढायला जाऊ नका. ते मीठच जिवावर बेततं. तेल, दूध, हळदही नको. काय खाल्लं, किती, केव्हा आणि कुत्र्याचं वजन अंदाजे किती, एवढं सांगता आलं पाहिजे. पाकीट उरलं असेल तर सोबत घ्या. 1962 हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल-फ्री नंबर घरात सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असू द्या. खाऊन दोन तास व्हायच्या आत डॉक्टर गाठले, तर पोटातलं बाहेर काढायला वेळ मिळतो. प्रकरण मोठं असेल तर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना आहे.

कांदा खाल्लेलं कुत्रं त्या दिवशी ठणठणीत दिसतं, शेपूटही हलवतं. त्रास तीन-चार दिवसांनी दिसतो. म्हणून पुढचा आठवडाभर रोज सकाळी उजेडात त्याचा ओठ उचलून हिरड्या पाहा, लघवीचा रंग पाहा. हिरड्या फिकट पडल्या किंवा लघवी चहासारखी झाली, तर संध्याकाळची वाट न पाहता तेव्हाच निघा.