मेलमन ३ साठी सर्व्हर निवडताना काय बघायचं

मुंबईतल्या सोसायट्यांचा एखादा महासंघ चारशे सभासदांची मेलिंग लिस्ट (एका पत्त्यावर टाकलेली मेल सगळ्यांना पोचवणारी यादी) मेलमन ३ या सॉफ्टवेअरवर, स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं ठरवतो, तेव्हा चर्चा सुरू होते ती रॅमवर. पण रॅम पैसे टाकून कधीही वाढवता येते. पैसे भरण्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: बाहेर जाणारं पोर्ट २५, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात ती वाट, उघडं मिळेल का?

स्पॅमच्या धास्तीने बहुतेक क्लाउड कंपन्या ते बंद ठेवतात. ॲमेझॉनच्या क्लाउडवर अर्ज करून उघडून मागता येतं; गूगल क्लाउडवर त्याच्या भरवशावर राहू नका, तिथे पोर्ट ५८७ वरून रिले सेवा (आपली मेल पुढे पोचवणारी दुसरी सेवा) वापरायची तयारी ठेवा. सोसायटीच्या ऑफिसातला जुना पीसी हा पर्याय तर विसराच. ब्रॉडबँडचा आयपी (इंटरनेटवरचा आकडी पत्ता) बदलता असतो आणि अशा आयपींच्या रेंजच ब्लॉकलिस्टमध्ये, म्हणजे मेल नाकारायच्या पत्त्यांच्या यादीत, असतात. इन्व्हर्टर लावून हा प्रश्न सुटत नाही.

दुसरी अट रिव्हर्स डीएनएसची. आयपीवरून शोधलं तर सर्व्हरचंच नाव मिळालं पाहिजे, आणि त्या नावावरून तोच आयपी. ही नोंद डोमेन विकणारा करत नाही, ज्याचा आयपी आहे तो करतो. इथे लोकांचे दोन-दोन दिवस जातात. आयपीव्ही६ (आयपीचा नवा प्रकार) साठी ती करता येत नसेल तर पोस्टफिक्सला (मेलची ने-आण करणारं सॉफ्टवेअर) फक्त जुना आयपीव्ही४ वापरायला सांगा, नाहीतर जीमेल मेल परत पाठवेल.

आता मशीन. २ जीबी रॅम, एक-दोन कोअर, २५ जीबी एसएसडी, त्यावर डेबियन लिनक्स, पोस्टफिक्स आणि पोस्टग्रेस डेटाबेस. एसक्यूलाइट हा हलका डेटाबेस चाचणीपुरताच ठीक. मेलमनचा गाभा डझनभर पायथन प्रोसेस चालवतो, शिवाय वेब इंटरफेस वेगळा. १ जीबीत हे कसंबसं बसतं आणि मग एखाद्या रात्री मेमरी संपली की कर्नल (लिनक्सचा गाभा) एखादा प्रोसेस, बहुधा जास्त मेमरी खाणारा, मारतो. तो एलएमटीपीचा, म्हणजे पोस्टफिक्सकडून मेल मेलमनमध्ये घेणारा, असला तर पोस्टफिक्स मेल घेत राहतं, पण लॉगमध्ये पोर्ट ८०२४ वर ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ दिसतं आणि रांग वाढत जाते. २ जीबी स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) ठेवाच.

डिस्कची परीक्षा सप्टेंबरात होते. ३० तारखेच्या आत वार्षिक सभा उरकायची म्हणून प्रत्येक जण अहवालाची पीडीएफ धाडतो. ३ एमबीची फाइल मेलमध्ये ४ एमबीची होते. प्रत्येकाचं नाव घालून वेगळी प्रत पाठवायचा पर्याय चालू असेल तर चारशे जणांना १.६ जीबी. तो पर्याय बंद ठेवा आणि फाइलऐवजी लिंक द्या. तसंही मेलमनची मूळ मर्यादा ४० केबी आहे, त्यापुढची मेल मॉडरेटरकडे अडकून पडते.

एसपीएफ (तुमच्या नावाने कोणता सर्व्हर मेल पाठवू शकतो त्याची नोंद), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क (हे दोन्ही जुळलं नाही तर मेलचं काय करायचं ते सांगणारं धोरण) तिन्ही लावा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलकडे दिवसाला ५,००० मेल पाठवणाऱ्यांना ते सक्तीचं आहे. आकडा मोठा वाटतो, पण चारशे जीमेलवाले आणि पुनर्विकासाच्या वादावर तेरा उत्तरं आली की तो ओलांडलाच.

एक त्रास मात्र सर्व्हर कितीही चांगला असला तरी होतो. याहूचा पत्ता असलेला सभासद मेल टाकतो, लिस्ट विषयात किंवा तळाशी मजकूर जोडते, त्यामुळे याहूची डीकेआयएम सही मोडते. याहूचं डीमार्क धोरण ‘नाकारा’ असल्याने जीमेल ती मेल परत करतं. मेलमनला वाटतं जीमेलवाल्यांचेच पत्ते खराब आहेत आणि काही दिवसांत त्या बिचाऱ्यांना मेल जाणं थांबतं. उपाय: लिस्टच्या डीमार्क सेटिंगमध्ये ‘फ्रॉम’च्या जागी लिस्टचा पत्ता टाकायचा पर्याय निवडा, आणि तो पहिला सभासद जोडण्याआधी.

चाचणीला जीमेल, याहू आणि आउटलुकचा एकेक पत्ता घ्या. जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ उघडून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्हींपुढे ‘पास’ दिसल्याशिवाय बाकीची यादी भरू नका.