कोल्हापुरात सरकारी कामाचं टेंडर शोधायचं आणि भरायचं कसं

सिव्हिलची बरीच पोरं विचारायलेत, सरकारी काम घ्यायचं तर सुरुवात कुठनं करायची. ओळख लागते, वशिला लागतो, हे सगळं ऐकून घ्या आणि बाजूला ठेवा, कारण कितीतरी टेंडरं वशिल्यापर्यंत पोचायच्या आधीच कागदातच बाद होतात.

पहिलं म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभागाकडं ठेकेदार नोंदणी. त्यात वर्ग असतात आणि कितीपर्यंतचं काम भरता येतंय ते वर्गावर ठरतं. डिग्री-डिप्लोमा झालाय आणि नोकरी नाही तर सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणूनच नोंद करा, छोट्या कामातला एक हिस्सा ह्या पोरांना आणि एक हिस्सा मजूर सहकारी संस्थांना ठेवलेला असतो. ती कामं काम वाटप समितीतनं मिळतात, तिथं रेटची मारामारी नाही. सुरुवातीचा अनुभवाचा दाखला इथनंच काढायचा, मोठ्या टेंडरला तोच लागतो आणि त्यावर कार्यकारी अभियंत्याची सही पाहिजे. ग्रामपंचायतीचा किंवा खाजगी बंगल्याचा दाखला जोडून चालेल का हे टेंडरच्या अटीत वाचा, अंदाजानं जोडू नका.

टेंडर ऑनलाइन भरायला डिजिटल सही क्लास ३ घ्या, सायनिंग आणि एन्क्रिप्शन दोन्ही असलेली. क्लास २ आता २०२१ पासून बंदच आहे. आणि ती डोंगल (सही असलेला पेनड्राइव्ह) स्वतःच्या खिशात ठेवा, कॅफेवाल्याकडं ठेवून येणारे लई बघितलेत.

शोधायचं महाटेंडर्सवर, म्हणजे राज्य सरकारच्या ई-टेंडर पोर्टलवर. नुसतं कोल्हापूर टाकून सर्च करत बसू नका, ऑर्गनायझेशननुसार बघा म्हणजे बांधकाम विभाग, जिल्हा परिषद, कोल्हापूर आणि इचलकरंजी महापालिका, पाटबंधारे, जीवन प्राधिकरण, एमआयडीसी असं एकेक उघडता येतंय. रेल्वेचं काम आयआरईपीएस ह्या रेल्वेच्या पोर्टलवर असतंय, तिथं वेगळं खातं. पण खरी माहिती टेंडर निघायच्या आधीच मिळते. जिल्हा नियोजनची बैठक झाली, एखाद्या रस्त्याला प्रशासकीय मान्यता (कामाला आणि खर्चाला मंजुरी) मिळाली की पेपरात बातमी येते, तिथून तांत्रिक मान्यता (इस्टिमेटला अभियंत्याची मंजुरी) आणि मग टेंडर, म्हणजे तुमच्या हातात साइट बघायला वेळ असतो. ज्याला टेंडर निघाल्यावर कळतं तो आठवड्याभरात काय रेट काढणार.

साइट बघाच. शिरोळची काळी माती आणि गगनबावड्याचा पाऊस ह्याला एकच रेट धरणारा बुडालाच म्हणून समजा. क्रशर किती लांब, मुरूम कुठला, रॉयल्टीच्या पावत्या कोण देणार (पावत्या नसल्या की बिलातनं कापतात), हे जागेवरच विचारायचं. आणि एक आपल्याकडची गोष्ट, दिवाळीनंतर रस्त्याची कामं सुरू होतात आणि तेव्हाच कारखान्यांचे गाळप चालू होतंय, मग ट्रॅक्टर-ट्रॉल्या सगळ्या उसाला, ड्रायव्हर मिळत नाही, भाडं चढतंय. हे इस्टिमेटात कुठंच नसतंय, तुमच्या रेटमध्ये पाहिजे.

आता भरायचं. पोर्टलवर दोन लिफाफे असतात, लिफाफा एक तांत्रिक म्हणजे कागदपत्रं, लिफाफा दोन आर्थिक म्हणजे तुमचा रेट. बी-१ म्हणजे सरकारच्या रकमेवर टक्के वर किंवा खाली, बी-२ म्हणजे प्रत्येक बाबीचा दर तुमचा. बी-१ ची एक्सेल फाइल उघडली की एका सेलमध्ये जास्त की कमी ते निवडायचं असतंय आणि शेजारच्या सेलमध्ये टक्के, तिथं उलटं निवडलं तर पुढं कोण ऐकत नाही, म्हणून खाली अक्षरी रक्कम येते ती बोट ठेवून वाचायची. फाइलचं नाव बदलायचं नाही, मॅक्रो चालू पाहिजेत. पीडीएफ काळ्या-पांढऱ्या स्कॅन करा, हलक्या होतात. शेवटी फ्रीझ (बिड पक्कं करायचं बटण) करून पोचपावती येईपर्यंत टेंडर भरलंच नाही असं समजा. घड्याळ सर्व्हरचं चालतंय, तुमच्या मोबाइलचं नाही. इसारा रक्कम (ईएमडी, टेंडरसोबतची अनामत) आदल्या दिवशीच भरा, बँकेतनं पैसे पोचायला वेळ लागला तर पोर्टल थांबत नाही. उद्यम नोंदणी आहे म्हणून ती माफ होईल ह्या भरवशावर राहू नका, लघुउद्योगांची केंद्राची सवलत वस्तू आणि सेवांना आहे, बांधकामाच्या ठेक्याला नाही.

बिड कपॅसिटी बघा, म्हणजे आणखी किती रकमेचं काम तुम्हाला भरता येतंय त्याचा हिशोब. साधारण सूत्र असं की मागच्या पाच वर्षांतली सगळ्यात मोठी वार्षिक उलाढाल गुणिले ते काम पूर्ण करायला दिलेली वर्षं गुणिले दोन, वजा हातातल्या कामांची शिल्लक रक्कम. दोनच्या जागी काही ठिकाणी वेगळा आकडा असतो. हातातली कामं लपवायची नाहीत, दाखल्यावरून सापडतंय.

रेटचं म्हणाल तर खाली जायची चढाओढ बघून घाबरायला होतंय. जास्त खाली गेलं की जादा सुरक्षा ठेव द्यावी लागते आणि तो पैसा अडकून बसतो. वर बिलातनं आयकराचा १ टक्का (कंपनी-भागीदारी असेल तर २), जीएसटीचा टीडीएस २, कामगार उपकर १ टक्का जातोय. बिल लगेच निघेल असंही धरू नका. निधी कुठल्या हेडमधला (सरकारी खर्चाच्या कुठल्या खात्यातला) आहे ते ऑफिसात विचारा, निधीच आला नसेल तर काम चांगलं करून पण पैसे वर्षभर अडकतात, त्याचं व्याज रेटमध्ये धरलेलं नसलं की नफा गेला.

उघडल्यावर काय झालं ते पोर्टलवर दिसतंय. हरलात तरी बाकीच्यांचे रेट वहीत लिहून ठेवा, त्याच रस्त्याकडं पुढचं टेंडर येतंयच. आणि तांत्रिकमध्ये बाद झालात तर कारण वाचून लगेच लेखी हरकत द्या, आर्थिक लिफाफा उघडायच्या आत, आणि अर्जावर आवक नंबर टाकून घेतल्याशिवाय काउंटरवरनं हलू नका.