गुंतवणूकदाराबरोबर घर घेताना: सहीआधीची तयारी

घराच्या किमतीतला काही भाग गुंतवणूकदार घालणार असेल, तर तयारी शेवटाकडून सुरू करा. घर विकलं, किंवा गुंतवणूकदाराचा हिस्सा तुम्ही विकत घेतला, तर कोणाच्या हाती किती पडेल, याचा हिशेब मांडल्याशिवाय घरं बघायला निघूच नका. एकदा घर आवडलं की माणूस कराराची कलमं उदार मनाने वाचतो.

हिशेबासाठी घराची किंमत १०० धरा. बँकेचं कर्ज ८०, तुमचे १० आणि गुंतवणूकदाराचे १०. आता त्याच्या १० च्या बदल्यात त्याला नेमकं काय मिळणार, ते विचारा. काही करारांत घराच्या त्या वेळच्या किमतीचा दहावा हिस्सा मिळतो. काहींत त्याचे मूळ १० परत आणि वर वाढीचा ठरलेला वाटा, समजा ३५ टक्के. घर १३० ला गेलं तर पहिल्या प्रकारात त्याला १३ मिळतात, दुसऱ्यात साडेवीस. म्हणजे दुसरा करार वाईट, असं वाटेल. पण भाव पडून घर ८० ला गेलं आणि बँकेचे ७५ बाकी असले तर? उरले ५. पहिल्या प्रकारात त्याचे ८ होतात, म्हणजे खिशातून ३ घाला. दुसऱ्यात तोटाही ३५ टक्क्यांनी वाटून घेतला असेल तर त्याला ३ मिळतात आणि तुमच्याकडे २ राहतात. तोटा वाटायचा नाही, मूळ रक्कम पूर्ण परत, असं कलम असेल तर मात्र तुमच्या अंगावर ५ येतात. त्यामुळे भाव वाढला, स्थिर राहिला, पडला, असे तिन्ही हिशेब स्वतःच्या हाताने करा. समोरच्याने दिलेल्या तक्त्यात पडलेला भाव बहुधा नसतोच.

सरकार भागीदार असलं तरी गणित हेच. इंग्लंडच्या ‘हेल्प टू बाय’ योजनेत (२०१३ ते २०२३) नव्या घराच्या किमतीच्या २० टक्क्यांपर्यंत (लंडनमध्ये २०१६ पासून ४० टक्क्यांपर्यंत) रक्कम सरकार देई आणि पहिली पाच वर्षं त्यावर व्याज नसे. पण फेडायची रक्कम घेतलेल्या रकमेएवढी नसून, फेडण्याच्या वेळी घराची जी किंमत असेल तिच्या तेवढ्याच टक्क्यांची. भाव चढले की कर्जासारखं दिसणारं ते ओझंही चढे.

मग किंमत ठरवण्याची पद्धत बघा, कारण वरचे सगळे आकडे तिच्यावर उभे आहेत. मूल्यांकन कोण करणार, त्याची फी कोण भरणार, ते मान्य नसेल तर दुसरं करून घेता येतं का आणि दोन आकड्यांत फरक पडला तर कोणता धरायचा, हे करारात हवं. काही करारांत सुरुवातीची किंमत मुद्दाम थोडी कमी धरतात. १०० चं घर ९५ चं धरलं तर घराचा भाव न हलताही ५ ची ‘वाढ’ दिसते आणि तिच्यातला वाटा तुम्ही देता. हे कलम मला सगळ्यात खटकतं. काढता येत नसेल तर निदान ते धरून हिशेब पुन्हा करा. सुधारणांचंही तसंच. तुम्ही स्वतःच्या पैशाने एक खोली वाढवलीत, त्यामुळे किंमत वाढली, तर ती वाढ मोजणीतून वगळणार का? वगळणार असतील तर आधी लेखी परवानगी, कामाच्या आधीचे आणि नंतरचे फोटो, पावत्या हे सगळं लागेल. रंग आणि गळती यांना सहसा सुधारणा म्हणत नाहीत, ती देखभाल.

देखभालीचा खर्च जवळपास नेहमी राहणाऱ्याकडेच येतो. इंग्लंडमधल्या शेअर्ड ओनरशिपच्या (घराचा काही हिस्सा तुमचा, उरलेला घरमालक संस्थेचा) जुन्या करारांत २५ टक्क्यांचा मालकही दुरुस्तीचा सगळा खर्च उचलत असे आणि उरलेल्या हिश्श्याचं भाडंही भरत असे. २०२१ च्या नव्या नमुन्यात किमान हिस्सा १० टक्क्यांवर आला आणि पहिल्या दहा वर्षांतल्या काही दुरुस्त्यांचा भार घरमालक संस्थेवर टाकला गेला. तुमच्या करारात छप्पर, पाइप, कर, विमा यांपैकी काय कोणाकडे, ते नावानिशी लिहून घ्या. विम्यात दोघांचीही नावं आहेत ना, आणि घर जळालं तर भरपाई कोणाच्या खात्यात जाणार, हेही विचारा. गुंतवणूकदाराच्या हिश्श्यावर भाडं द्यायचं असेल तर ते दरवर्षी कशाच्या आधारे वाढणार, ते बघा. महिन्याचं गणित करताना हप्ता, भाडं, कर, विमा आणि दुरुस्तीसाठीची शिल्लक एकत्र धरा. नुसता हप्ता परवडतो म्हणजे घर परवडलं असं नाही.

बँकेला हे आधी सांगा. घराच्या कागदावर गुंतवणूकदाराचं नाव मालक म्हणून येणार की त्याचा फक्त बोजा चढणार, यावर कर्ज मिळेल की नाही आणि विक्रीच्या पैशातून आधी कोणाला द्यायचं, हे ठरतं. सगळ्याच बँका अशा घराला कर्ज देत नाहीत. नाव मालक म्हणून येत असेल तर कोणाचा हिस्सा किती, हे खरेदीखतातच आकड्यात लिहा. तोंडी निम्मं-निम्मं ठरलेलं पुढे वारसांना पटत नाही.

कराराची मुदतही तपासा. दहा वर्षांची असेल आणि त्या दिवशी तुमच्याकडे गुंतवणूकदाराचा हिस्सा घेण्याइतके पैसे नसतील, तर घर विकायला लागेल का? मधेच थोडा थोडा हिस्सा घेता येतो का, आणि प्रत्येक वेळी मूल्यांकनाचा नि वकिलाचा खर्च पडतो का? तो आपला हिस्सा तिसऱ्याला विकणार असेल तर आधी तुम्हाला विचारायला बांधील आहे का? तुमचा मृत्यू, घटस्फोट, नोकरी जाणं, वर्षभरासाठी दुसरीकडे राहायला जाणं, घर भाड्याने देणं, हप्ता चुकणं. आणि त्याच्या बाजूने दिवाळं निघणं. ही अशुभ यादी सहीआधीच काढायची. गुंतवणूकदार नातेवाईक असेल तर जास्तच निगुतीने. ‘आपल्यात कसले कागद’ म्हणणाऱ्या घरांतच वाटणीचे दावे लांबतात.

उत्पन्नाचे पुरावे, बँकेचे उतारे, ओळखपत्रं, चालू कर्जांचे तपशील हे नेहमीचंच. गुंतवणूकदाराकडूनही मागा: पैसा कुठून येतोय, संस्था असेल तर नोंदणी आणि सही करणाऱ्याचा अधिकार. वकील तुमचा स्वतःचा हवा, त्यांनी सुचवलेला नको. करार हाती आल्यापासून सहीपर्यंत त्याला वाचायला पुरेसा वेळ मिळाला पाहिजे. ‘आजच सही करा’ म्हणणाऱ्याला दुसरं गिऱ्हाईक शोधू द्या. हिस्सा विकताना किंवा परत घेताना कर कोणावर आणि किती, हे करसल्लागाराकडून लेखी घ्या.

ताबा घ्यायच्या दिवशी सामान आत जाण्याआधी प्रत्येक खोलीचे, छताचे, नळांचे तारखेसह फोटो काढा, मीटरचे आकडे टिपा आणि तो संच त्याच दिवशी गुंतवणूकदाराला पाठवून पोच घ्या.