नवरदेवाच्या मित्रांचे कपडे: कोकणातल्या लग्नासाठी जुळवाजुळव कशी करावी

कोकणातल्या लग्नात नवरदेवाचे मित्र फोटोपुरते उभे नसतात. आदल्या दिवशी मांडवाला आंब्याचे टहाळे बांधायला तेच, मंगलाष्टकांच्या आधी अक्षता वाटायला तेच, आणि पंगत बसली की सोलकढीचा जग घेऊन धावायलाही तेच. म्हणून त्यांचे कपडे ठरवताना रंगाच्या आधी एक प्रश्न विचारायचा: हे घालून वाढता येईल का? आमच्याकडचे एक काका जरीच्या शेरवानीतल्या पोराला भर पंगतीत म्हणाले होते, “दशावतारातलो राजा दिसतंस रे मेल्या, पण वाढतलो कोण?”

दुसरी गोष्ट, जुळणारे कपडे म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत एकसारखे कपडे नव्हेत. सहा जणांना एकाच मापाची, एकाच रंगाची जॅकेटं चढवली की पाहुणे त्यांच्याकडेच पाणी मागतात, कारण कार्यालयातल्या वाढप्यांचा गणवेशही बहुतेक तसाच असतो. (केटररला त्याच्या पोरांच्या कपड्यांचा रंग आधीच विचारून ठेवा. मरून असेल तर तुम्ही मरूनच्या वाटेला जाऊ नका.) एक गोष्ट सगळ्यांची सारखी ठेवा, एखादी जवळपासची, बाकीचं ज्याचं त्याच्यावर सोडा. एवढ्यावर काम भागतं.

१. आधी जागा, मुहूर्त आणि महिना

तुळशीचं लग्न झाल्यावरची थंडी आणि मे महिना यांत कपड्यांच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. किनाऱ्यावर पारा विदर्भासारखा सहसा चाळिशी गाठत नाही, पण हवेतल्या ओलाव्यामुळे घाम वाळत नाही. दारातल्या मांडवावर पत्रे असतील आणि मुहूर्त साडेबाराचा असेल, तर पॉलिएस्टर आणि अस्तर लावलेलं जड कापड यादीतून तिथल्या तिथे काढून टाका. गोरज मुहूर्त असेल किंवा डिसेंबर-जानेवारीतलं लग्न असेल, तर कॉटन-सिल्क, चंदेरी, खणाचं जॅकेट असे लाड चालतात. मे महिन्यात सुती, मलमल, लिनन किंवा खादी. सिल्कवर घामाचे डाग पडतात आणि ते काखेतच पडतात, म्हणजे नेमके हात वर करून अक्षता टाकताना दिसतात.

२. लग्नाच्या पद्धतीप्रमाणे पोशाख

*वैदिक पद्धतीचं लग्न, घरी किंवा कार्यालयात.* विधींना नवरदेव सोवळं किंवा पितांबर नेसून बसतो, त्यामुळे मित्रांनी धोतराचा हट्ट धरू नये. साधा फिकट झब्बा, पांढरा लेंगा आणि खांद्यावर सगळ्यांचं एकाच रंगाचं उपरणं, ही जोडी मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. झब्बे जुने असोत, वेगवेगळ्या दुकानांतले असोत, उपरणं सगळ्यांना एका माळेत आणतं. वाढायच्या वेळी तेच कमरेला खोचता येतं. रंग काठांतून उचला: नवरदेवाच्या पितांबराचा काठ हिरवा असेल तर उपरणी हिरवी. नवरीच्या शालूशी जुळवायला जाऊ नका, तो मान नवरदेवाचा.

धोतरच हवं असेल तर तयार शिवलेलं घ्या. नेसायची सवय नसलेल्याने वरातीत नाचायचं म्हणजे अर्धा जीव निऱ्यांत अडकलेला. आणि मामा, काका, आत्याचे यजमान यांना विसरू नका. मित्रांना उपरणी आणि मामाच्या खांद्यावर काही नाही, असं झालं तर फुगलेला मामा संध्याकाळपर्यंत खाली येत नाही. चार-पाच उपरणी जास्तीची घ्याच.

*रायगडच्या किनाऱ्यावरची हळद.* आगरी-कोळी घरांत हळदीची रात्र लग्नाइतकीच मोठी, कधी कधी लग्नाहूनही. तिथे मित्रांनी पिवळ्याच्या वेगवेगळ्या छटा घालाव्यात: कुणी लिंबू, कुणी आंबा, कुणी मोहरी. एकच पिवळा सगळ्यांना शोभत नाही, आणि हळद लागल्यावर सगळेच एक होतात. स्वस्त सुती कापड घ्या. हळदीच्या डागावर साबण लावला की तो लाल होतो, घाबरू नका. धुऊन कडक उन्हात वाळवा, एक-दोन उन्हांत बराच फिका पडतो.

कोळी वेश करायचा असेल तर कमरेला नेसायचा रुमाल, सदरा आणि टोपी असा पुरा करा, आणि रुमाल घरातल्या म्हाताऱ्यांकडून नेसवून घ्या. जीन्सवर टोपी घालून केलेला कोळी हा गॅदरिंगचा कोळी. ज्यांच्या घरी तो वेश रोजचा होता, त्यांना ते लगेच कळतं.

*चर्चमधलं लग्न.* वेंगुर्ले, सावंतवाडी, मालवण किंवा वसईकडचं लग्न असेल तर सूट आलाच. धेडो (नवऱ्याचा करवला) आणि त्याच्यामागची पोरं नवऱ्यासारखीच थ्री-पीस घालून उभी राहिली तर नवरा कोणता ते शेवटच्या बाकावर कळत नाही. कोट फक्त नवऱ्याला आणि धेड्याला. बाकीच्यांना त्याच कापडाची पँट, वेस्टकोट आणि पांढरा शर्ट. टाय किंवा बो धेडीच्या (करवलीच्या) फ्रॉकच्या रंगाचा, त्यासाठी तिच्याकडून कापडाचा तुकडा मागून घ्या. फोनवरच्या फोटोवर रंग ठरवू नका. कोट शिवताना अर्धंच अस्तर लावायला सांगा. रोसच्या दिवशी मात्र घरातले जुने कपडे. नारळाचं दूध आणि तेल अंगावर ओतून घ्यायला नवा शर्ट कशाला?

*निकाह.* दापोली, श्रीवर्धन, रत्नागिरीकडे मित्र म्हणून बोलावणं असेल तर पांढरा किंवा मोतिया कुर्ता-पायजमा आणि वर एकाच रंगाची बंडी. शेरवानी दूल्ह्याला राहू द्या. निकाह मशिदीत असेल तर खाली बसावं लागतं, तेव्हा पायजमा ऐसपैस आणि पादत्राण पटकन निघणारं हवं.

*समुद्रकिनाऱ्यावरचं लग्न.* काशीद, कर्दे, गणपतीपुळे, तारकर्ली इथे हल्ली मुंबई-पुण्याची मंडळी वाळूत मांडव घालतात. लिननचा शर्ट किंवा आखूड कुर्ता, घोट्याच्या वर राहणारी पँट, रंग शंखासारखे फिके. वाऱ्यावर उडेल असं काही नको. उपरणं घेतलंच तर पिनेने टाचा. लिनन चुरगळणारच, त्यावर जीव टाकू नका.

३. कापड आणि मापं

ही पायरी सगळ्यात किचकट, कारण निम्मे मित्र चाकरमानी. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. ज्या दिवशी कोकणकन्येचं तिकीट काढायला पोरं रात्री गजर लावतात, त्याच दिवशी प्रत्येकाकडून मापं मागवून टाका. अंगावर टेप धरून घेतलेलं स्वतःचं माप हमखास चुकतं. त्यापेक्षा नीट बसणारा एक झब्बा पलंगावर पसरा आणि खांदा, छाती, बाही, उंची, गळा मोजून पाठवा असं सांगा. छाती काखेखाली एका शिवणीपासून दुसरीपर्यंत मोजून दुप्पट करायची. झब्बा अंगापेक्षा चार-पाच इंच सैल असतोच, त्यामुळे टेलरला ‘हे झब्ब्याचं माप, अंगाचं नव्हे’ हे बजावून सांगा. नाहीतर तो वर आणखी चार इंच वाढवतो आणि झब्ब्यात दोघं मावतात.

कापड एकाच ताक्यातलं घ्या. आज तीन जणांचं, पुढच्या आठवड्यात उरलेल्यांचं असं केलंत तर नंबर तोच असूनही रंग एक छटा हलतो आणि उन्हातल्या फोटोत फाळणी दिसते. ३६ इंची पन्ह्याचं कापड असेल तर गुडघ्यापर्यंतच्या झब्ब्याला अडीच ते तीन मीटर धरा, उंच माणसाला तीनच. रंग ट्यूबलाइटखाली पसंत करू नका. रत्नागिरीच्या राम आळीत असा किंवा मुंबईच्या मंगलदास मार्केटात, ताका दुकानाच्या पायरीवर उन्हात आणून बघा. दुकानदाराला याची सवय असते. सुती कापड शिवायला टाकण्याआधी रात्रभर भिजवून सावलीत वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात बाही मनगट सोडते.

मे महिन्याचं लग्न असेल तर कापड टेलरकडे मार्च संपायच्या आत जायला हवं. अक्षय्य तृतीयेच्या आसपास गावातला टेलर देवालाही तारीख देत नाही. त्याला खरी तारीख सांगू नका, दहा दिवस अलीकडची सांगा.

पैशाचं आधीच बोलून घ्या. कापड आहेर म्हणून नवरदेवाच्या घरून, शिलाई ज्याची त्याने, ही वाटणी बहुतेकांना पटते. शेरवानी किंवा सूट एकदाच लागणार असेल तर भाड्याने घ्या, पण घालून, बसून आणि हात वर करून बघितल्याशिवाय अनामत देऊ नका.

४. डोकं आणि पाय

फेटा बांधल्याशिवाय वरातीला रंग नाही हे मान्य, पण मुहूर्ताच्या दोन तास आधी बांधलेला फेटा जेवणापर्यंत कपाळावर घामाची रेघ पाडतो. फेटेवाल्याला वरातीच्या वेळेआधी बोलवा. नवरदेवाचा फेटा वेगळा, तुरा त्याचाच. मित्रांचे एका रंगाचे, वाटल्यास तांबड्या-केशरी लहरियाचे. एका जणाला बांधायला चार-पाच मिनिटं धरली तरी पंधरा डोक्यांना तास जातो, हा हिशोब लग्नघरात कुणी करत नाही.

पायात कोल्हापुरी चपला. लग्नाच्या दिवशी नवी कोरी जोडी घातली तर संध्याकाळी पोरं अनवाणी फिरताना दिसतील, तेव्हा आठ-दहा दिवस आधीपासून घरात वापरा. वाळूवरच्या लग्नाला त्या नेऊ नका: खाऱ्या पाण्यात चामडं भिजलं की वाळून कडक होतं आणि टाके सुटतात.

५. आदल्या रात्री

सगळ्यांचे कपडे एका खोलीत, हँगरवर, प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी टाचून. इस्त्री आदल्या दुपारीच उरका. संध्याकाळी मांडवात दिवे लागले की घरातला विजेचा दाब उतरतो, आणि वीज गेलीच तर कोळशाची इस्त्री आता फारशी कुणाकडे नसते. एका डब्यात सेफ्टी पिना, सुई-दोरा, चार बटणं, एक जादा नाडी आणि टाल्कम पावडर भरून तो सगळ्यात शांत डोक्याच्या मित्राकडे द्या. तेलाचा थेंब सांडला तर पाणी न लावता लगेच पावडर टाका, तेल शोषलं जातं. सोलकढीतल्या कोकमाचा रंग मात्र थंड पाण्याने तिथल्या तिथेच धुवावा लागतो. आणि प्रत्येकाने पिशवीत एक साधा सदरा ठेवावा. तिसरी पंगत उठेपर्यंत तो लागतोच.